बदलीवाले देश

गिरणीच्या गेटवर सकाळी बदलीवाले उभे राहतात. आत दोन माणसं कमी, बाहेर वीस. एक म्हणतो, मी पन्नास कमी घेतो. दुसरा म्हणतो, मी शंभर. तिसऱ्याच्या घरी पोर आजारी. तो मिळेल त्यात तयार. त्यालाच आत घेतात. मालक गेटवर येत नाही. त्याला यावंच लागत नाही.

दोस्तहो, देशसुद्धा असेच उभे राहतात. फक्त ते पगार नाही, कर कमी करतात. आयर्लंडनं २००३ पासून कंपन्यांच्या नफ्यावरचा कर साडेबारा टक्के ठेवला. मोठाल्या अमेरिकन कंपन्या नफा तिकडं दाखवू लागल्या. अमेरिकेनं २०१८ पासून ३५ चे २१ केले. सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या सरकारनं ३० चे २२ केले, नव्या कारखानदाराला १५. कुणी कुणाला हुकूम केला नाही. तरी सगळे खालीच चालले.

शेजाऱ्यानं केलं म्हणून आम्ही केलं, असं म्हणणारा स्वतंत्र कसा? आणि याची किंमत कोण मोजतो? कंपनी देश बदलते. मला वस्ती बदलता येत नाही. माझ्या चपलेवरचा जीएसटी आयर्लंडला पळून जात नाही.

१९२७ साली मुंबई कौन्सिलात बाबासाहेबांनी विचारलं होतं : ठरावीक मिळकतीच्या खाली इन्कमटॅक्स माफ, मग गरीब शेतकऱ्याच्या तुकड्याला सारा का माफ नाही? ऐपत बघून कर घ्या, एवढंच मागणं. आज ऐपतवाल्याला पळायला वाट आहे, म्हणून त्याला सूट. ज्याला वाट नाही त्यानं भरायचं. हा न्याय नव्हे, ही भीती आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी ठरवलं : वर्षाला ७५ कोटी युरोची उलाढाल असलेल्या कंपन्यांवर निदान १५ टक्के कर. ही तर युनियनच झाली! जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका म्हणाली, आम्हाला ते बंधन नाही.

आमच्या संपात उपाशी माणूस आधी फुटतो. इथं सगळ्यात धष्टपुष्ट फुटला.

गेटवरच्या त्या तिसऱ्याला मी शिव्या देत नाही. लहान, गरीब देशालाही देणार नाही. पण भरल्या पोटी भाव पाडणाऱ्याला माफी कशी करायची? आणि त्याच्याकडं बोट दाखवून आपल्या गरिबाच्या खिशात हात घालणाऱ्याला?