आधी विचारू या



यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाला प्रभू येशूने जवळ बोलावले. त्याला काय हवे, हे साऱ्यांना दिसत होते. तरीही प्रभूने त्याची इच्छा त्यालाच विचारली. का बरे विचारली असेल?

आपण बहुधा विचारत नाही. शिबिरात तीनचाकी सायकल देतो, फोटो काढतो आणि सेवा झाली असे मानतो. पण ज्या गावाला पावसाळ्यात धानाच्या बांधीतून आणि नाल्यातून जावे लागते, तिथे ती सायकल भिंतीला टेकून गंजते. देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. घेणाऱ्याला मात्र कोणी विचारले नव्हते.

आपल्याच भागातले एक वेगळे उदाहरण पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, सोबतच्या नातेवाइकांना राहायला जागा नसते, असे लोकांनी सांगितले. म्हणून शोधग्राम येथे झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला आणि त्याला लोकांच्या देवीचे, मा दंतेश्वरीचे, नाव मिळाले.

अपंगांच्या सेवेलाही हेच लागू आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यात आपल्या जिल्ह्यांत आढळणारा सिकलसेलही आला. तो बाहेरून दिसत नाही. रोवणीच्या दिवसांत अंग ठणकते म्हणून घरी राहिलेल्या मुलाला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. किती जण आहेत हे मोजणीतून कळते; कोणाला काय हवे हे कळत नाही.

विचारणेही सोपे नाही. तो समोर बसलेला असताना आपण त्याच्या आईला विचारतो, "याला काय हवं?" आणि ज्याचे कधी कोणी ऐकलेच नाही, तो पहिल्यांदा "काही नको" असेच म्हणतो. ते समाधान नसते. त्याने मागणेच सोडून दिलेले असते. म्हणून पुन्हा जावे लागते, जवळ बसावे लागते.

न विचारता देण्यात दया असेल, पण आदर नसतो. दुसऱ्याचे मन आपल्यालाच कळते, असा अहंकारही त्यात लपलेला असतो.

येत्या रविवारी मिस्साला आल्यावर आठवू या: आपल्या धर्मग्रामातले कोण पायऱ्यांमुळे येत नाही, कोण लाजेमुळे येत नाही? काय द्यायचे ते ठरवण्याआधी त्यांच्या घरी जाऊ या, आणि त्यांनाच विचारू या.