राखीव, पण कोणासाठी?

उत्तर कन्नड जिल्ह्यात, दांडेलीहून अंबिकानगरकडे जाताना कुळगी लागते. तेथे वनखात्याचे निसर्ग शिबिर आहे. शब्बाथ शाळेच्या मुलांना घेऊन आम्ही तेथे गेलो असता एका मुलीने विचारले, “टायगर रिझर्व्ह म्हणजे वाघ राखलेला, की वाघासाठी राखलेले?” उत्तर देता देता आमचीच फजिती झाली.

शब्द मूळचा लॅटिन. ‘सेर्वारे’ म्हणजे जतन करणे, ‘रे’ म्हणजे मागे. मागे ठेवून जपणे. इंग्रजीबरोबर तो आपल्याकडे आला. 1878 च्या वन कायद्याने रिझर्व्ह फॉरेस्ट आले, आगगाडीतली जागा रिझर्व्ह होऊ लागली, 1935 साली रिझर्व्ह बँक निघाली. मराठीने ‘राखीव’ म्हणून त्याचे बारसे केले. (बँक मात्र रिझर्व्हच राहिली!) पण ‘राखणे’ हे आपले जुनेच क्रियापद आहे. शेताची राखण करणारा गडी रात्रभर जागतो, आणि ते पीक पुष्कळदा दुसऱ्याचे असते. ‘हातचे राखून’ वागणारा मात्र जागतो तो स्वतःपुरताच.

मग कुळगीचे रान कोणासाठी राखले? इंग्रज सरकारला जहाजांसाठी व रुळांखालच्या स्लीपरांसाठी सागवान हवे होते. रान तोडून-जाळून केली जाणारी कुमरी शेती त्यांनी आवळत आणली. 1956 साली दांडेलीचे अभयारण्य झाले, त्याच वर्षी हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. 2007 साली येथे व्याघ्र प्रकल्प आला, आणि 2015 पासून तो काळी नदीच्या नावाने ओळखला जातो. मुक्या जनावरांसाठी काही राखावे, हे आम्हाला मनापासून पटते. परंतु त्याची किंमत या रानातल्या कुणब्यांनी, गवळ्यांनी, सिद्दींनी मोजावी आणि आपण दोन दिवस शिबिरात राहून पक्षी पाहून यावे, हे तितके सहज पटत नाही. वनवासींचे हक्क मानणारा कायदा होण्यास 2006 साल उजाडावे लागले. गंमत अशी, की जोयड्याचे हेच कुणबी अनुसूचित जमातींच्या यादीत आपले नाव यावे म्हणून वर्षानुवर्षे झगडत आहेत. राखीव रानाने ज्यांना कुंपणाबाहेर ठेवले, ते राखीव जागांच्या दारात उभे आहेत!

शाहू महाराजांनी 1902 साली करवीर संस्थानात मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या. ज्यांना आजवर दाराबाहेर ठेवले त्यांच्यासाठी ते राखणे होते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरविल्या. त्यांत 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला दलित अद्याप बाहेर आहे. याविषयी आपल्या सभांत ठराव होतात, आणि ते व्हावेतच. पण ठराव मांडणाऱ्यांनी घरातही पाहावे. सोयरीक जुळविताना आपणही ‘आमच्यांतले’ म्हणून काही राखून ठेवतोच ना?

शब्बाथ शाळेत हनन्या व सप्पीरा यांचा धडा शिकविताना आपण खोटे बोलण्यावर भर देतो. शेत त्यांचे, पैसाही त्यांचाच. पेत्रानेही ते मान्य केले. राखून ठेवले आणि सर्व दिले असे भासविले, दोष तेथे होता. याउलट लेवीयाच्या पुस्तकातील शेतकऱ्याला आज्ञा आहे, की शेताचा कोपरा कापू नये, तो गरिबासाठी व परक्यासाठी सोडावा. त्याच नियमाने मवाबी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली. त्या कोपऱ्यावर कोणाच्या नावाची पाटी नव्हती.

परतल्यावरच्या रविवारी त्याच मुलीने मंदिरातल्या पहिल्या बाकावरचा ‘राखीव’ कागद आम्हाला दाखविला. तो पाहुण्यांसाठी होता. पाहुणे आले नाहीत. मागे दोन म्हाताऱ्या बाया भिंतीला टेकून उभ्या होत्या. कागद काढायला कोणी उठले नाही, आम्हीही नाही. शेवटी तीच उठली.