देह कोणासाठी?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्री उशिरा निरोप आला की, टेकडीच्या अंगाला राहणाऱ्या एक आजी अत्यवस्थ आहेत. पवित्र तेल आणि ख्रिस्तशरीर घेऊन मी निघालो. इगतपुरीचा पाऊस, निसरडी पाऊलवाट आणि उभा चढ. दारात पोहोचलो तेव्हा मला इतकी धाप लागली होती की, प्रार्थनेचा पहिला शब्दही तोंडातून उमटेना. आजींच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या घरच्यांनी आधी माझ्यापुढे केला. पाच-सात मिनिटे मी उंबऱ्यावर बसून राहिलो. नंतर रुग्णाभ्यंग संस्कार यथाविधी झाला. परंतु ती पाच-सात मिनिटे त्या मरणोन्मुख माउलीची होती. ती मी कोणत्या अधिकाराने खर्च केली, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझा पाठलाग करीत आहे.

सेमिनरीत असताना आम्ही रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळत असू. गुरुदीक्षा झाली आणि मैदान सुटले. पुढे पोट सुटले, रक्तात साखर आली. तरीही आत्म्याची चिंता वाहणाऱ्याने देहाचे लाड कशाला करावेत, असे मी स्वतःला समजावीत राहिलो. आज वाटते, ते वैराग्य नव्हते. वैराग्याची वस्त्रे ल्यालेला तो आळस होता. असिसीचे संत फ्रान्सिस आपल्या देहाला ‘गाढवबंधू’ म्हणत आणि त्याला कठोरपणे राबवीत. अखेरच्या दिवसांत मात्र त्यांनी याच बंधूची क्षमा मागितली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. संतांनाही जी चूक कबूल करावी लागली, ती आपण पुण्य म्हणून का मिरवावी?

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात याविषयी समतोल विचार आढळतो. जीवन व आरोग्य ही परमेश्वराची देणगी आहे. तिची योग्य काळजी घ्यावी आणि ती घेताना इतरांच्या गरजा व सर्वांचे हित ध्यानात ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. लगेच पुढे देहपूजेच्या मोहाविरुद्ध इशाराही आहे. एका बाजूला हेळसांड, दुसऱ्या बाजूला आरसा. वाट या दोहोंमधून काढायची आहे.

ती वाट मला आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी दाखवली. आठवड्यातून तीन दिवस, सकाळच्या मिस्सानंतर, सभागृहात त्यांनी सामूहिक व्यायाम सुरू केला. त्याला ते ‘सर्किट’ म्हणतात. १९५३ साली इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि ॲडमसन या दोन शिक्षकांनी ही पद्धत बसवली. सभागृहात नऊ ते बारा ठिकाणी निरनिराळे व्यायाम मांडायचे. एकीकडे बैठका, दुसरीकडे भिंतीला हात टेकून जोर, तिसरीकडे पायरीची चढउतार, चौथीकडे वजन उचलणे. ठरलेला वेळ झाला की सर्वांनी पुढच्या ठिकाणी सरकायचे. हातांनंतर पाय, पायांनंतर पाठ असा क्रम असल्याने एक अवयव विसावा घेतो तेव्हा दुसरा राबतो. आणि हृदय मात्र अखंड कामात राहते.

पहिल्या दिवशी संकोचाने मी दाराशीच उभा राहिलो. आत सारे स्थानामागून स्थान पुढे सरकत होते. मला प्रायश्चित्तकाळातील क्रूसाच्या वाटेची आठवण झाली. तीही एकत्र चालायची असते, प्रत्येक स्थानी थांबायचे असते. आणि प्रभू स्वतः त्या वाटेवर तीनदा पडला, सिमोनाने त्याला हातभार लावला, हे आपण दर शुक्रवारी स्मरतो. पडणाऱ्याला त्या वाटेवर लाज नाही. मग मला कसली?

या पद्धतीतील एक गोष्ट मला शुभवर्तमानाच्या फार जवळची वाटते. जागा सर्वांना तीच, वेळ तोच. परंतु मात्रा प्रत्येकाची वेगळी. कोणाला किती झेपते हे आधी पाहायचे आणि त्यावरून त्याचे माप ठरवायचे. माझ्या शेजारचा विशीतला मुलगा तीस बैठका काढतो, मी आठ काढतो, आणि साठी उलटलेल्या एक बाई खुर्चीवरून फक्त सहा वेळा उठतात. आपापले माप पुरे केल्याचे समाधान तिघांनाही सारखेच लाभते. तलांताच्या दृष्टांतातील धन्याने पाच मिळवणाऱ्याचे आणि दोन मिळवणाऱ्याचे सारख्याच शब्दांत कौतुक केले होते. तुलना करणे त्या धन्याला ठाऊक नव्हते. ती आपण आणतो.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. दिवसभर रुळांवर घण मारणाऱ्या कामगाराला, डोंगरातून डोक्यावर मोळी आणणाऱ्या आदिवासी भगिनीला व्यायाम कोणी सांगावा? त्यांना हवी आहे विश्रांती आणि पोटभर अन्न. हे खरेच आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या भगिनीचा हा हिशेब एक-दोन दिवसांतच पुरा होत असेल. म्हणून व्यायाम हे ज्यांचे श्रम दुसऱ्यांनी उचलले आहेत, त्यांचे कर्तव्य आहे. आणि त्यातून कमावलेली ताकद त्या दुसऱ्यांच्या ओझ्याला हात लावण्यासाठी खर्ची पडली नाही, तर ती आरशापुरतीच उरेल.

समूहाची ताकद म्हणजे काय, हे इगतपुरीकरांना वेगळे सांगायला नको. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर आली. तेथे ३७ फुटांमागे १ फूट असा चढ आहे. पुढचे इंजिन एकट्याने तो चढ पार करू शकत नाही, म्हणून आजही बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने लागतात. रेल्वेची माणसे त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती घाटभर गाडी ढकलतात, इगतपुरीला सुटतात आणि पुन्हा खाली जातात, कारण तेथे दुसरी गाडी उभी असते. सकाळी सातव्या बैठकीला माझे गुडघे संपावर जातात, तेव्हा मागून कोणीतरी म्हणते, ‘फादर, आणखी एक!’ तो आवाज म्हणजे माझा बँकर. आणि त्या खुर्चीवरच्या बाईंसाठी मीही कधी कधी होतो.

ऑलिंपिकचे ‘अधिक वेगवान, अधिक उंच, अधिक बलवान’ हे ब्रीद सर्वांना परिचित आहे. ते मुळात आंरी दिदों या फ्रेंच डॉमिनिकन धर्मगुरूंनी १८९१ साली शाळेतल्या मुलांना दिले होते. २०२१ साली तोक्यो येथे त्याला चौथा शब्द जोडला गेला, तो म्हणजे ‘एकत्र’. जगाला सव्वाशे वर्षांनी सुचलेला हा शब्द संत पौलाने करिंथकरांना केव्हाच समजावला होता: देह एक, अवयव अनेक, एकाला दुखले की सर्वांना दुखते.

या फेब्रुवारीत त्याच टेकडीवर पुन्हा बोलावणे आले. या वेळी आजोबांसाठी. वाटेत मी दोनदा थांबलो, हे कबूल करतो. पण दारात पोहोचल्यावर कोणाला तांब्या पुढे करावा लागला नाही. वहाणा काढल्या, आजोबांचा हात हाती घेतला आणि प्रार्थनेला सुरुवात केली.