छोट्या धंद्याची राखण : विद्यापीठांतील सायबर क्लिनिक

सायबर सुरक्षा क्लिनिक ही विद्यापीठाने चालवलेली सेवा असते. तिच्यात विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली परिसरातील लहान व्यावसायिकांना, स्वयंसेवी संस्थांना, शाळांना आणि नगरपालिकांना संगणकीय धोक्यांपासून बचाव करण्यासाठी विनामूल्य मदत करतात. विद्यार्थ्यांना या कामाचे बहुधा श्रेयांक मिळतात, व्यावसायिकाला एक पैसाही द्यावा लागत नाही, आणि दिलेल्या सल्ल्याची जबाबदारी शिकवणाऱ्यांवर राहते. वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय जोडलेले असावे, हे महाराष्ट्राला नवे नाही. पुण्यात बी. जे. मेडिकल आणि ससून, मुंबईत जी. एस. मेडिकल आणि केईएम ही नावे जोडीनेच घेतली जातात. गरजूला उपचार आणि शिकाऊ डॉक्टरला अनुभव अशी ही रचना आहे. अमेरिकेतील विधी महाविद्यालयांनी तिचाच अवलंब करून कायदा क्लिनिके उभारली आणि १९६८ नंतर फोर्ड फाउंडेशनच्या अर्थसाहाय्यामुळे ती देशभर पसरली. सायबर क्लिनिक हे त्या परंपरेतले सर्वांत धाकटे अपत्य.

या चळवळीची ठळक सुरुवात २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ‘सिटिझन क्लिनिक’पासून झाली. तिथल्या ‘सेंटर फॉर लाँग-टर्म सायबरसिक्युरिटी’ या केंद्राने ते सुरू केले. त्याचे लाभार्थी व्यापारी नव्हते. राजकीय किंवा वैचारिक वैरातून ज्यांच्यावर पाळत ठेवली जाते, अशा सामाजिक संस्थांसाठी ते होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या क्लिनिकने न्यू इंग्लंडमधील गावांच्या आणि शहरांच्या कारभाराकडे लक्ष दिले. लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी मात्र थेट दक्षिण नेवाडातील छोट्या व्यवसायांसाठी दार उघडले. २०२१ मध्ये अशा क्लिनिकांचा एक संघ स्थापन झाला. जून २०२३ मध्ये गूगलने वीस शिक्षणसंस्थांतील क्लिनिकांसाठी दोन कोटी डॉलर जाहीर केले. बड्या कंपनीच्या देणगीवर उभे राहिलेले काम देणगी आटल्यावर टिकते का, हा प्रश्न त्यामुळे आजही या क्षेत्रासमोर आहे.

लास वेगासचे उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच शहरातील एमजीएम रिसॉर्ट्स या हॉटेल-कॅसिनो समूहावर सायबर हल्ला झाला आणि सुमारे दहा कोटी डॉलरचा फटका बसल्याचे कंपनीने जाहीर केले. एवढी मोठी कंपनी असा घाव सोसून उभी राहते, कारण तिच्याकडे स्वतःचा सुरक्षा विभाग असतो, वकील असतात, विमा असतो. त्याच शहरात पडदे शिवून देणाऱ्या किंवा दातांचा दवाखाना चालवणाऱ्या माणसाकडे यातले काहीच नसते. अशा धंद्याचे एका महिन्याचे पैसे गेले, की पुढच्या महिन्याचे पगार थकतात.

‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?’ हे छोट्या व्यावसायिकाचे नेहमीचे उत्तर. ते चुकीचे आहे, हे २०१३ च्या टार्गेट प्रकरणाने कायमचे सिद्ध केले. अमेरिकेतील या दुकान-साखळीतून सुमारे चार कोटी बँक कार्डांचा तपशील चोरीला गेला. चोर शिरले ते पेनसिल्व्हेनियातील एका शीतकरण व वातानुकूलन ठेकेदाराच्या मार्फत. त्या ठेकेदाराला टार्गेटच्या संगणकजालात कामापुरता प्रवेश दिलेला होता, आणि त्याच्याच खात्याचा पासवर्ड आधी चोरीला गेला. पुरवठादार, हिशेबनीस, दुरुस्तीवाला यांच्या हाती मोठ्या घरांच्या किल्ल्या असतात, म्हणून त्यांना गाठले जाते.

दुसरे कारण अधिक साधे आहे. हल्ले बहुतांश यंत्रवत होतात. इंटरनेटवर सतत फिरणारे प्रोग्रॅम उघडी दारे चाचपत असतात, आणि दार मोठ्याचे की छोट्याचे हे त्यांना कळत नाही, कळण्याची गरजही नसते. फसवे मेल लाखोंनी जातात. त्यातले चार लागले तरी पाठवणाऱ्याचा खर्च निघतो.

सुरक्षा-विश्लेषक वेंडी नेदर यांनी सुमारे दीड दशकापूर्वी ‘सुरक्षेची दारिद्र्यरेषा’ ही कल्पना मांडली. त्यांच्या मते या रेषेखालच्या संस्थांना केवळ पैसा कमी पडत नाही. त्यांना तज्ज्ञता कमी पडते, दिलेला सल्ला अमलात आणण्याची क्षमता कमी पडते, आणि पुरवठादाराकडून काही बदलून घेण्याएवढे वजनही कमी पडते. ही मांडणी क्लिनिकांच्या कामाचे मोजमाप म्हणून फार उपयोगी आहे. फुकट सेवेने पैशाची उणीव आपोआप भरते आणि तज्ज्ञतेची काही अंशी भरते. क्षमतेचा प्रश्न मात्र अहवाल हातात ठेवून सुटत नाही. क्लिनिक चांगले की वाईट, हे तिथेच ठरते.

कामाची रीत साधारण सगळीकडे सारखी आहे. सत्राचे पहिले काही आठवडे वर्गात जातात. कायदा, गोपनीयता, नीतिनियम आणि धोक्याचे मूल्यमापन शिकवले जाते. मग तीन ते पाच जणांच्या तुकडीला एक व्यवसाय नेमून दिला जातो. काम सुरू होण्याआधी लेखी करार होतो : विद्यार्थी काय पाहतील, काय पाहणार नाहीत, माहिती कुठे ठेवतील, कधी नष्ट करतील. बहुतेक क्लिनिके प्रत्यक्ष घुसखोरी-चाचणी करत नाहीत. चालू धंद्याच्या यंत्रणेवर शिकाऊ हाताने प्रयोग करणे योग्य नाही, हा निर्णय शहाणपणाचा आहे. हल्ला चालू असतानाची धावपळही ती सहसा अंगावर घेत नाहीत. त्यांचे काम प्रतिबंधाचे आणि तयारीचे.

मूल्यमापनासाठी प्रमाणित चौकटी हाताशी असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेची, म्हणजे एनआयएसटीची, चौकट २०१४ मध्ये आली. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित आवृत्तीत कामाचे सहा भाग आहेत : कारभार, ओळख, संरक्षण, शोध, प्रतिसाद आणि पूर्ववत करणे. सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटीच्या नियमावलीत लहान संस्थांसाठीचा ५६ उपायांचा पहिला गट वेगळा काढलेला आहे. पण ५६ हा आकडासुद्धा सहा माणसांच्या दुकानाला घाबरवतो. म्हणून चांगली तुकडी यादी पुढे सरकवत नाही. ती विचारते : कोणती गोष्ट बंद पडली तर उद्या शटर उघडता येणार नाही? उत्तर बहुधा बिलिंगचा संगणक, मालकाचा मेल किंवा गिऱ्हाइकांची यादी असे येते. मग त्या एका गोष्टीभोवतीच काम सुरू होते.

एक नेहमीचा प्रसंग जवळून पाहू. व्यवसायाला नेहमीच्या पुरवठादाराकडून मेल येतो : ‘आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळचे बिल नव्या खात्यात भरावे.’ बिल खरे दिसते, रक्कम बरोबर असते, मागच्या पत्रव्यवहाराची साखळीही खाली जोडलेली असते. पत्त्यात मात्र इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी बसवलेले असतात, आणि छोट्या पडद्यावर फरक कळत नाही. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ मध्ये या प्रकारच्या सुमारे २१ हजार तक्रारी आल्या आणि त्यांतील नुकसान २९० कोटी डॉलरचे होते. यावर महागडे सॉफ्टवेअर घ्यावे लागत नाही. खाते बदलल्याची कोणतीही सूचना आली, तर मेलमधल्या नव्हे तर आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, आणि ती केल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. नियम एका ओळीचा आहे. पण तो कोण पाळणार, मालक घाईत असताना हिशेबनिसाने त्याला अडवायचे की नाही, हे ठरवावे लागते. विद्यार्थ्यांची खरी कसोटी त्या संभाषणात असते, कारण तिथे वयाने मोठ्या, अनुभवी माणसाला त्याच्याच दुकानात सवय बदलायला सांगायचे असते.

याच्या जोडीला तांत्रिक काम असते. व्यवसायाच्या नावाने दुसऱ्या कुणी मेल पाठवू नये म्हणून डीमार्क नावाची नोंद बसवता येते. आधी ती फक्त निरीक्षणावर ठेवायची, आपले खरे मेल अडत नाहीत ना हे अहवालांतून पाहायचे, आणि मगच खोटे मेल नाकारण्याचा आदेश द्यायचा. घाईने शेवटची पायरी आधी चढली तर व्यवसायाची स्वतःची बिले गिऱ्हाइकांपर्यंत पोचत नाहीत. बॅकअपचेही तसेच आहे. डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली जाते, पण ती डिस्क वर्षभर त्याच संगणकाला जोडून ठेवलेली असते. खंडणीखोर व्हायरस आला की मूळ आणि प्रत दोन्ही एकाच वेळी कुलूपबंद होतात. तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत जागेपासून दूर, हा जुना नियम आजही पुरतो. त्यात एक भर घालावी लागते. प्रत उघडून, डेटा परत आणून कधीतरी पाहिला पाहिजे. बहुतेक ठिकाणी तो कधीच पाहिलेला नसतो. काम सोडून गेलेल्या नोकराचे खाते चालूच असणे, सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड असणे, राउटरचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच राहणे या बाबी तर पहिल्या भेटीतच सापडतात आणि तासाभरात दुरुस्त होतात.

विद्यार्थ्यांना यातून काय मिळते, हे नोकरीच्या भाषेत सांगण्याची रीत आहे. आयएससी-टू या व्यावसायिक संघटनेने २०२३ मध्ये जगभरातील सायबर मनुष्यबळाची तूट सुमारे ४० लाख असल्याचा अंदाज दिला होता, आणि तरीही नवशिक्याला ‘अनुभव नाही’ म्हणून परत पाठवले जाते. क्लिनिक तो अनुभव देते. त्याहून मोलाची गोष्ट दुसरी आहे. प्रयोगशाळेत शिकलेला विद्यार्थी आदर्श उपाय सुचवायला शिकतो. इथे त्याला विचारले जाते, की महिन्याला इतकेच पैसे आणि आठवड्याला अर्धा तास असेल तर पहिले काय करू? बावीस सूचनांतून तीन निवडणे, आणि बाकीच्या एकोणीस का सोडल्या हे समजावून सांगणे, हे पाठ्यपुस्तकात मिळत नाही. शिवाय वर्गात कायद्याचे, व्यवस्थापनाचे, भाषेचे विद्यार्थीही लागतात. अहवाल मालकाला कळला नाही तर तो निरुपयोगी.

मर्यादा खऱ्या आहेत आणि त्या लपवून चालणार नाही. सत्र संपते, धोका संपत नाही. पंधरा आठवड्यांनी तुकडी निघून जाते आणि उन्हाळ्यात फोन उचलायला कोणी नसते. सल्ला चुकला आणि नुकसान झाले तर भरपाई कोणी करायची, हे करारात आधी लिहावे लागते. ज्या व्यवसायाच्या त्रुटी विद्यार्थ्यांना कळल्या, त्यांची यादी हीच चोराला हवी असलेली गोष्ट असते. ती एखाद्याच्या वैयक्तिक लॅपटॉपवर राहिली तर मदतच संकट ठरते. व्यावसायिक सल्लागारांचे पोट फुकट सेवेमुळे मारले जाते, ही तक्रार मात्र फारशी टिकत नाही, कारण सुरक्षेच्या दारिद्र्यरेषेखालचे व्यावसायिक सल्लागाराकडे मुळात जातच नाहीत.

महाराष्ट्रात या कल्पनेची गरज वेगळ्या आकाराची आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा राज्यात सायबर सुरक्षेवर मोठी चर्चा झाली. ती बँकांपुरतीच राहिली. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने किराणा दुकानापासून यंत्रमागाच्या कारखान्यापर्यंत सगळा व्यवहार मालकाच्या मोबाइलवर आणला. त्यामुळे इथे पहिली तपासणी सर्व्हरची नसून त्या मोबाइलची असायला हवी. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाचे चलान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल उघडून तिच्यातले अ‍ॅप बसवले, की ओटीपी परक्या हाती जाऊ शकतात. फसवणूक झाल्यास १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ कळवले तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते, आणि हा नंबर गल्ल्याजवळच्या भिंतीवर लिहिलेला असावा एवढे कामही एका भेटीत होऊ शकते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. गिऱ्हाइकांचे नंबर आणि आधारच्या प्रती गोळा करणाऱ्या छोट्या व्यावसायिकांपैकी किती जणांनी या कायद्याचे नावही ऐकले असेल, ही चिंतेची बाब आहे.

पायाभरणी अगदीच नाही असे नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयांत आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे आणि विधी महाविद्यालयांत विनामूल्य सल्ला केंद्रे चालतात. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने समाजाशी जोडलेल्या कामाला श्रेयांक देण्याची शिफारस केली आहे. पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या फाउंडेशनतर्फे महाविद्यालयीन विद्यार्थी सायबर जागृतीचे कार्यक्रम करतात. जागृती आणि क्लिनिक यांत अंतर आहे. व्याख्यानाने शंभर जण सावध होतात, क्लिनिकमध्ये एकाच दुकानाच्या टेबलाशी बसून त्याची खाती एकेक करून बंद-चालू केली जातात. दोन्हींची गरज आहे, पण दुसऱ्याला प्राध्यापकाचा वेळ लागतो आणि तो अध्यापनाच्या तासांत मोजला गेला पाहिजे.

इथे सुरुवात करणाऱ्या महाविद्यालयाला काही गोष्टी आधी बसवाव्या लागतील. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरणे महागात पडते, म्हणून लेखी संमतीशिवाय एकाही यंत्राला हात लावायचा नाही. करार आणि अहवाल मराठीत हवेत. बैठकीला मालकाबरोबर हिशेब पाहणारी व्यक्ती हवी, कारण ओटीपी बहुधा तिच्याकडेच जातात. सापडलेल्या त्रुटींची नोंद महाविद्यालयाच्या कुलूपबंद यंत्रणेत राहावी आणि सत्र संपताच व्यवसायाला सुपूर्द करून पुसली जावी. सुचवलेल्या तीन उपायांपैकी किती टिकले, हे सहा महिन्यांनी पुढच्या तुकडीने जाऊन पाहावे आणि त्या तुकडीचे श्रेयांक या भेटीशी बांधलेले असावेत.