फिकं कुंकू

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार भरला, की आप्पांचं नाक चोंदायचं. मिरचीच्या ठसक्यानं होतंय, असं ते म्हणत. पुढे बाजार नसतानाही नाक उघडेना, भाजीचा वास येईना. शेवटी छत्रपती संभाजीनगरला दाखवलं. नाकात मांस वाढलं होतं. डॉक्टरांनी सीटी स्कॅन काढून घेतला, दुर्बिणीनं ऑपरेशन करू म्हणाले आणि विचारलं, "आप्पा, कुठल्या गोळ्या चालू आहेत का? रक्त पातळ करायच्या वगैरे?"

"काही नाही."

सदऱ्याच्या खिशात ॲस्पिरिनची पट्टी होती. छातीसाठी रोज रात्री घ्यायची. फसवायचं त्यांच्या मनात नव्हतं. नाकाच्या डॉक्टरांना छातीचं काय सांगायचं? शिवाय सांगितलं तर तारीख पुढे जाईल आणि पेरणी तोंडावर येईल, एवढाच त्यांचा हिशोब.

सकाळी ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी आप्पांना खोकल्याची मोठी उबळ आली आणि थोड्याच वेळात उजवा डोळा जड वाटू लागला. मग ठणका सुरू झाला. सिस्टर येऊन "बरं आहे ना?" म्हणाल्या, तेव्हा आप्पांनी मान डोलावली. दिवसभर राबलेल्या पोरीला किती वेळा बोलवायचं, असं त्यांना वाटलं.

सोसणाऱ्या माणसाचं आपल्याकडे फार कौतुक होतं. शेतात, संसारात ते शोभतही असेल. दवाखान्यातल्या खाटेवर मात्र हा गुण माणसाला घातक ठरतो, आणि तो आपण लहानपणापासून मुलांच्या अंगी मोठ्या हौसेनं बाणवतो.

काकू पाणी घेऊन वाकल्या. आप्पा त्यांच्याकडे बघत म्हणाले, "आज कुंकू फिकं का लावलं?"

कुंकू नेहमीचंच होतं, लालभडक. काकूंनी नवऱ्याचा डावा डोळा तळहातानं झाकला. "आता सांगा."

"धुरकट दिसतंय. लाल नाही दिसत."

उजव्या पापणीवर काळीनिळी सूज चढली होती, डोळा पुढे आल्यासारखा दिसत होता. सकाळी बघू, असं आप्पा म्हणत असतानाच काकू बाहेर पळाल्या. डॉक्टर धावत आले. काकूंनी खिशातली पट्टी त्यांच्या हातात ठेवली. "हे रोज घेतात. तुम्हाला सांगितलं नसंल."

डॉक्टर रागावले नाहीत. रागवायला वेळच नव्हता. त्यांनी त्या बाजूची नाकातली पट्टी काढली, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात भूल देऊन छोटा छेद घेतला, आत कोंडलेल्या दाबाला वाट करून दिली, सलाइनमधून औषध सुरू केलं आणि नेत्रतज्ज्ञांना बोलावलं. रात्री उशिरा आप्पांना कुंकू पुन्हा लाल दिसलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेजवळ बसले. "नाकाची पोकळी आणि डोळ्याची खोबण यांच्यामधलं हाड कांद्याच्या सालीएवढं पातळ असतं. लगतची बारीक रक्तवाहिनी दुखावली, तर रक्त डोळ्यामागे साठतं आणि दृष्टीची नस दाबली जाते. शंभरात एकाच्याही वाट्याला हे येत नाही. पण आलं, तर तासा-दीड तासात नजर कायमची जाऊ शकते. लाल रंग फिका दिसणं ही त्या नसेची पहिली हाक."

"गोळीनं झालं का?"

"गोळीनंच झालं असं नाही म्हणणार. पण तिच्यामुळे रक्त थांबायला वेळ लागतो. कळलं असतं, तर तुमच्या छातीच्या डॉक्टरांशी बोलून काय ते ठरवलं असतं. तुम्हीही मनानं ती बंद करायची नाही. आणि आता काही दिवस नाक शिंकरू नका. हवा त्या पातळ हाडाच्या वाटेनं डोळ्याकडे शिरू शकते."

आप्पांनी मान खाली घातली. "रात्री तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प बसलो."

"आप्पा, रात्री दहादा उठवलंत तरी चालेल. त्यासाठीच तर मी इथं असतो."

पुढच्या वर्षी भावकीतल्या एका पोराचं असंच ऑपरेशन ठरलं. आप्पांचं ऐकून त्याच्या आईनं धसका घेतला होता. आप्पा तिला म्हणाले, "बिनघोर कर. मला आता फोडणीचा वास येतो." मग पोराला घरातल्या त्याच्या सगळ्या गोळ्या, वैद्याच्या चूर्णाच्या पुड्यांसकट, एका पिशवीत भरायला लावल्या आणि ती पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करायला स्वतः त्याच्याबरोबर एसटीत बसले. रात्री उशाशी जागायला मात्र पोराच्या आईनं काकूंनाच मागून घेतलं.