ती शाळा कुणाची?

जुन्नर-आंबेगावात माणूस फार आजारी पडला की घरचे म्हणतात, ‘ससूनला न्या.’ ससून हे बगदादहून आलेल्या एका ज्यू घराण्याचे नाव आहे, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसते. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून 1867 साली पुण्यात ते रुग्णालय उभे राहिले. तिथल्या खाटेवर पडताना आपण दात्याचा धर्म विचारत नाही. शाळेचे नाव निघाले की मात्र विचारतो.

माझ्या आतेबहिणीला तो विचारला गेला. तिचे वडील मंचरहून मुंबईला गोदीत कामाला गेले, माझगावात राहिले आणि घराजवळची म्हणून तिला सर एली कादुरी शाळेत घातले. आपल्या मुलीसाठीही तिला तीच शाळा हवी होती. गाझात लहान मुले हजारोंनी मारली जात होती तेव्हाची ही गोष्ट. तिचा दीर म्हणाला, ‘हे सगळं डोळ्यांनी बघून पोरीला यहुद्यांच्या शाळेत घालणार?’

प्रश्नामागचे दुःख खरे आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. पण ज्यांच्या नावाने तो विचारला, ते यहुदी कोण होते? 1875 साली ही शाळा ‘इस्रायलाइट स्कूल’ म्हणून सुरू झाली. ती उभी करण्यात पुढाकार होता हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा. आडनावच सांगते, माणूस किहीमकडचा. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल मराठीच बोलत. आपली मुले शिकावीत, त्यांना हिब्रूही यावी, एवढ्यासाठी ही धडपड. कादुरी हे नाव पुढे देणगीतून आले. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, बाके रिकामी झाली आणि त्यांवर आपली मुले बसली. आज तिथे मुसलमान मुलेच अधिक.

जगात कुठेही बॉम्ब फुटला की या देशातल्या मुसलमानाकडे जबाब मागितला जातो. त्या गावाचे नावही त्याने ऐकलेले नसते. हा अन्याय आहे असे आपण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. मग एका सरकारच्या बॉम्बचा हिशेब किहीमच्या माणसाच्या खात्यावर कसा मांडायचा? स्वतःला नको असलेले माप दुसऱ्याला लावायचे, हे इन्साफात बसत नाही.

दुसरी बाजू अवघड आहे. बहिणीची एक मैत्रीण म्हणाली, ‘त्यांचं मीठ खाल्लंयस, आता त्यांच्याविरुद्ध बोलू नकोस.’ मला हे दिराच्या बोलण्याहून जास्त खटकले. शाळेने अक्षर दिले, जीभ विकत घेतली नाही. बहीण गाझासाठी निघालेल्या सभेला गेली आणि प्रवेशाचा अर्जही तिने भरला. यात विसंगती शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावी.

तरीही मालकीचा प्रश्न उरतोच. बेने इस्रायल मुलांसाठी बांधलेली शाळा आपली कशी? आपल्या फिकहमध्ये वक्फाचा एक नियम आहे. वक्फ करणाऱ्याची मालकी संपते, पण त्याची शर्त पाळावी लागते. आणि ज्यांच्यासाठी वक्फ केला ते उरलेच नाहीत, तर लाभ गरिबांकडे जातो. केहिमकरांनी वक्फ केला नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण माझगावात जे घडले ते या नियमाच्या फार जवळचे आहे. तेव्हा शाळा ना ‘त्यांची’, ना ‘आपली’. ती अमानत आहे. अमानतीचा हक वापरणाऱ्याने निदान ती कुणी ठेवली हे मुलाला सांगावे. बहिणीने मुलीला शनवार तेल्यांची गोष्ट सांगितली. मुलीने विचारले, ‘मग ते आता तेल कुठे काढतात?’

2016 साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. संविधानाच्या 30 व्या कलमाने शाळा काढण्याचा जो हक मुसलमानांना आहे, तोच त्यांनाही. हे कलम शाळा काढणाऱ्यांचे रक्षण करते. काढणारे निघून गेल्यावर बाकांवर कुणी बसावे, हे त्यात लिहिलेले नाही.

मी उर्दू माध्यमात शिकवते. आमच्या वर्गाचे दार कुणालाही बंद नाही, पण लिपीच एवढी उंच भिंत आहे की शेजारच्या आळीतले मूल आत डोकावत नाही. पट घटतो आहे. आमच्यातलेच पालक आता इंग्रजीकडे वळतात. उद्या आमची बाके रिकामी झाली तर त्यांवर कोण बसेल, आणि त्याची आई त्याला आमच्याबद्दल काय सांगेल, हे मी अलीकडे हजेरी घेताना मनात आणते.