जवळ आणि दूर

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या दरम्यान १९६७ सालीं नियमित विमानसेवा सुरू झाली. दोन्ही विमानतळांमधील अंतर अवघें २.७ किलोमीटर, वेळापत्रकांत प्रवासास दोन मिनिटें धरलेलीं असतात, आणि वारा अनुकूल असतां एकदां तो ५३ सेकंदांतच पुरा झाल्याची नोंद आहे. याहून लहान नियमित विमानप्रवास जगांत नाहीं. ही हकीकत ऐकून कोणासहि हसूं यावें. एवढी वाट मनुष्य अर्ध्यापाऊण तासांत चालून जातो. तिच्यासाठीं विमान कशाला?

परंतु हसण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावयास हवा : जवळ काय आणि दूर काय, हें ठरवावयाचें कोणत्या मापानें ? नकाशावरील सरळ रेषा हें एक माप. घड्याळ हें दुसरें. पण तेंहि स्थिर नाहीं, कारण वाऱ्याबरोबर जातांना आणि वाऱ्यास तोंड देऊन परततांना तेवढ्याच अंतरास निरनिराळा वेळ लागतो. तिसरें माप गरजेचें. या दोन बेटांमध्यें समुद्र आहे, आणि पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आसपास. खवळलेल्या समुद्रापलीकडचा डॉक्टर रोग्याच्या दृष्टीनें २.७ किलोमीटरांवर नसतो. तो जणूं दुसऱ्या खंडांतच असतो. शिक्षक, डॉक्टर आणि रोगी या विमानानें ये-जा करतात, तें याच कारणानें.

यावर हिशेबी मनुष्य विचारील, शंभर माणसांसाठीं सार्वजनिक पैसा कां खर्चावा ? त्यांनींच बेट सोडून शहरांत यावें, तें स्वस्त पडेल. हा आक्षेप केवळ कृपणपणाचा नाहीं. द्रव्य अमर्याद नसतें. एकास दिलें तें दुसऱ्यास मिळत नाहीं. तथापि समाज ज्यांच्याकडून कर घेतो व ज्यांस आपले नागरिक म्हणवितो, त्यांच्यापर्यंत पोंचण्याचा भारहि त्यानें उचलला पाहिजे. नाहींतर नागरिकत्वाचें मोल वस्तीच्या दाटीवर ठरूं लागेल.

वेगाचें नैतिक महत्त्व मला येथें दिसतें. वेग मनुष्यास चांगला करीत नाहीं. तो त्याची सबब तेवढी काढून घेतो. पूर्वीं डॉक्टर आला नाहीं, तर दोष समुद्राचा असे. आतां आकाश निवळ असून व मार्ग दोन मिनिटांचा असून मदत पोंचली नाहीं, तर दोष कोणा तरी मनुष्याचा असतो. हें त्या बेटांपुरतेंच खरें नाहीं. विलायतेंतील मुलास बोटीनें मुंबईस येण्यास एके काळीं आठवडे लागत. तो आला नाहीं तर आईबाप समुद्रास बोल लावीत. आज लंडनाहून मुंबई नऊ-दहा तासांच्या वाटेवर आहे. रजा, पैसा, प्रकृति या अडचणी आजहि खऱ्या असतील. पण मग त्यांचेंच नांव घ्यावें, अंतराचें घेऊं नये.